घरातील लघु-बेगोनिया : मूलक्षोडी संकरांची ओळख

प्रस्तावना

बेगोनिया ही सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक असून अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांच्या उष्ण व दमट पट्ट्यांत तिच्या दोन हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. ती ज्या कुलात मोडते त्या बेगोनिएसी कुलात तिच्याखेरीज हिलेब्रँडिया ही एकच प्रजाती आहे आणि तिची एकुलती एक जाती फक्त हवाई बेटांवर आढळते. म्हणजे संपूर्ण कुलाचा पसारा जवळजवळ एकट्या बेगोनियाने व्यापलेला आहे. या विस्तीर्ण पसाऱ्यातील एक अगदी छोटा कोपरा, म्हणजे मूलक्षोडी बेगोनियांचे घरात वाढवता येणारे लघुसंकर, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय होय. या विषयावर इंग्रजीत पुष्कळ लेखन झालेले असले तरी मराठी वाचकाला त्याच्या घरातील उजेड, त्याच्या गावचा पाऊस आणि त्याच्या हाताशी असलेली माती गृहीत धरून लिहिलेले विवेचन क्वचितच मिळते, आणि ही उणीव दूर करणे हा या लेखनामागील पहिला हेतू आहे.

बेगोनियाची ओळख पटवणारी लक्षणे थोडी पण ठळक आहेत. पानाची मध्यशीर त्याचे दोन असमान भाग करते, त्यामुळे पानाची एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा मोठी दिसते. नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असली तरी ती एकाच झाडावर येतात. वनस्पतिशास्त्रात अशा झाडास एकत्रलिंगी म्हणतात. मादीफुलाच्या पाकळ्यांमागे असलेल्या किंजपुटाला, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते त्या भागाला, बहुधा तीन पंख असतात आणि ते सुकून झालेल्या बोंडातून धुळीसारखे बारीक बी बाहेर पडते. मुळे व खोड यांच्या ठेवणीवरून बागकाम करणारे लोक बेगोनियांचे ढोबळमानाने तीन गट पाडतात : तंतुमय मुळांचे, जमिनीत गड्डा धरणारे म्हणजे ग्रंथिक्षोडी, आणि मातीच्या पृष्ठभागावरून आडवे सरपटत जाणारे जाड खोड असलेले म्हणजे मूलक्षोडी. आले किंवा हळद यांचा गड्डाही मूलक्षोडच असतो. मात्र तो मातीत दडलेला असतो, तर बेगोनियाचे मूलक्षोड बहुधा मातीवर उघडे पडलेले असते आणि त्यावर गळून गेलेल्या पानांच्या खुणा स्पष्ट मोजता येतात.

या खोडाची ठेवण समजली की संगोपनाचे निम्मे नियम आपोआप समजतात. मूलक्षोडात पाणी व अन्न साठलेले असल्यामुळे एखादे दिवशी पाणी घालायचे राहिले तर झाड तग धरते, पण सतत ओल्या मातीत तेच खोड कुजते. मुळे वरच्या थरातच पसरत असल्यामुळे खोल कुंडीतील तळची माती ओली व निरुपयोगी राहते आणि उथळ, पसरट कुंडी अधिक मानवते. खोड आडवे वाढत असल्यामुळे ते मातीत पुरायचे नसते, नुसते टेकवायचे असते. यांतील ज्या संकरांची पाने बोटाच्या एकदोन पेरांएवढी राहतात आणि ज्यांचे पूर्ण वाढलेले झाड सहा इंचांच्या तबकात मावते, त्यांना या पुस्तकात ‘लघु’ म्हटले आहे. ही व्याख्या व्यवहारापुरती आहे, कारण उजेड, खत आणि कुंडीचा आकार यांनुसार एकच झाड लहानमोठे होऊ शकते आणि वेगवेगळ्या संस्थांच्या प्रदर्शनांत मापांचे निकष वेगवेगळे असतात.

या वनस्पतीचे नाव सतराव्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मिशेल बेगाँ या प्रशासकाच्या सन्मानार्थ ठेवले आणि पुढे कार्ल लिनियस याने १७५३ साली ते आपल्या वर्गीकरणात कायम केले. तथापि बेगोनिया घरात आली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी बंद काचपेटीत झाडे दीर्घकाळ जगतात हे दाखवून १८४२ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. या पेट्यांमुळे उष्ण कटिबंधातील नाजूक झाडे समुद्रप्रवासात टिकू लागली आणि दिवाणखान्यात काचेआड झाडे वाढवण्याची पद्धतही रूढ झाली. त्याच दशकात मेक्सिकोतील बेगोनियांच्या संकरातून ‘एरिथ्रोफायला’ हा गोल, जाड आणि खालून तांबड्या पानांचा प्रकार युरोपात तयार झाला. मूलक्षोडी संकरांपैकी तो अगदी जुन्यांत मोडतो, आणि केवळ पानांच्या कलमांवर इतका काळ जगत येऊन तो आजही लोकांच्या घरांत आहे.

१८५० च्या दशकात आसामातून आलेल्या ऑर्किडांबरोबर एक बेगोनिया नकळत इंग्लंडला पोहोचली आणि १८५७ साली तिचे ‘बेगोनिया रेक्स’ या नावाने शास्त्रीय वर्णन झाले. तिच्या पानांवरील रुपेरी पट्ट्यामुळे संकरकारांचे लक्ष फुलांवरून पानांकडे वळले, आणि पुढील दोनतीन पिढ्यांत रेक्सवर्गीय संकरांचा एक स्वतंत्र गटच उभा राहिला. रेक्सचे खोडही मूलक्षोडच असते. तरीही आजच्या बागायती वर्गीकरणात रेक्सवर्ग आणि मूलक्षोडी वर्ग वेगळे मानले जातात, कारण रेक्सचे रक्त असलेल्या झाडांना थंड हवा व दमटपणा अधिक लागतो आणि त्यांची निगा निराळी असते. नवख्या वाचकाने हा भेद आरंभीच ध्यानात घेतला तर दुकानात निवड करताना होणारे बरेचसे नुकसान टळेल.

विसाव्या शतकात या छंदाचे केंद्र युरोपातून अमेरिकेकडे सरकले. १९३२ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे अमेरिकन बेगोनिया सोसायटी स्थापन झाली. तिच्या नियतकालिकाने, बीनिधीने आणि प्रदर्शनांनी हौशी लोकांना एकमेकांशी जोडले. थॉमस मॅकडूगल हे संग्राहक मेक्सिकोच्या दक्षिण प्रांतांत हिंडून तेथील वनस्पती बाहेर पाठवत असत. त्यांनी पाठवलेल्या एका चिमुकल्या बेगोनियाचे वर्णन सांता बार्बरा येथील रुडॉल्फ झीझनहेन यांनी १९५० साली ‘बेगोनिया बाउअरी’ या नावाने प्रसिद्ध केले. लघु-बेगोनियांचा खरा इतिहास येथून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही.

ही जाती जवळून पाहिली तर संकरकारांना तिची ओढ का वाटली हे लगेच कळते. तिचे पान पोपटी, दीडदोन इंचांचे आणि तिरक्या हृदयाच्या आकाराचे असते. कडेलगत काळपट तपकिरी ठिपके शिवणीच्या टाक्यांसारखे ओळीने उमटलेले असतात, आणि त्या कडेवर पांढरे ताठ केस उभे असतात. या केसांमुळेच तिला पापण्यांची बेगोनिया म्हणतात. फुले फिकट गुलाबी, दोनच पाकळ्यांची, पण पानांच्या वर उंच दांड्यावर झुपक्याने येणारी. बुटकेपणा, कडेचा काळा रंग आणि केस हे तीनही गुण ती पुढच्या पिढीला ठळकपणे देते. ‘टायगर पॉज’ या प्रकाराची पिवळसर आणि तपकिरी ठिपक्यांची पाने, किंवा ‘क्लिओपात्रा’ या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या झाडाची टोकदार, मध्ये पोपटी व कडेला तपकिरी पाने पाहिली की हा वारसा चटकन ओळखू येतो.

या संकरांची एवढी भरभराट होण्यामागे एक जीवशास्त्रीय कारणही आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिका येथील बहुतेक मूलक्षोडी बेगोनिया ‘गिरूडिया’ या एका उपगटात येतात, त्यांच्या पेशींत साधारणपणे २८ गुणसूत्रे असतात आणि त्यामुळे त्यांचा परस्परांशी सहज संकर होतो. आशियातील बेगोनियांमध्ये गुणसूत्रांची संख्या गटागणिक बदलते, त्यामुळे तेथील दूरच्या जातींचे संकर बरेचदा वांझ निघतात आणि त्यांची वंशावळ तेथेच थांबते. याउलट मेक्सिकन संकरांचा पुन्हा संकर करता येतो, आणि पिढीमागून पिढी गुणांची जुळणी होत राहते.

लघु-बेगोनियांच्या आज दिसणाऱ्या मुख्य धारा तीन आहेत. पहिली अर्थातच बाउअरीपासून निघालेली मेक्सिकन धारा. खिडकीतील उजेड आणि घरातील साधी हवा यांत वाढू शकेल असे दणकट झाड हे तिचे उद्दिष्ट. मखमली, उंचसखल पृष्ठभागाच्या पानांची ‘बेगोनिया इंपेरिआलिस’ ही जातीही मेक्सिकोचीच, पण तिचे संकर जास्त दमट हवा मागतात. दुसरी धारा पश्चिम आफ्रिकेची. तेथील ‘बेगोनिया प्रिस्मॅटोकार्पा’ ही काही इंचांचीच जाती पिवळी फुले देते, आणि हा रंग बेगोनियांत दुर्मिळ असल्यामुळे तिच्या वंशातील ‘बटरकप’सारखे संकर काचपेटीत वाढवणाऱ्यांच्या विशेष आवडीचे झाले. तिसरी धारा आशियाई. तिच्यात मलेशियाची ‘बेगोनिया राजा’, चीन-व्हिएतनाम सीमेवरील चुनखडीच्या गुहांतील जाती आणि रेक्सचे बुटके वंशज येतात. पानांचे रंग व नक्षी यांत या धारेला तोड नाही, पण संगोपनाला ती सर्वांत अवघड आहे.

या धारांबरोबर वाढवण्याच्या पद्धतींचेही संप्रदाय बनले. खिडकीवाले लोक नैसर्गिक उजेडावर भिस्त ठेवतात आणि झाडाने घराच्या हवेशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा करतात. दिवेवाल्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्यूबलाइटखाली फळ्यांवर झाडे लावून दाखवली. आता तेच काम कमी विजेत आणि कमी उष्णतेत एलईडी दिवे करतात, आणि दिवसाला बारा ते चौदा तास उजेड मिळाल्यास झाडे घट्ट, सुबक वाढतात. काचपेटीवाले दमटपणाला प्राधान्य देतात. प्रत्येक संप्रदाय आपापल्या जागी बरोबर आहे. चूक होते ती एका संप्रदायासाठी निपजलेले झाड दुसऱ्याच्या पद्धतीने वाढवू पाहण्यात. प्रिस्मॅटोकार्पाचा वंशज उघड्या खिडकीत सुकतो आणि बाउअरीचा वंशज बंद काचेत भुरीला बळी पडतो. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरवणारी बुरशी, द्राक्षबागायतदारांना चांगली परिचयाची आहे. बेगोनियांवर पडणारी भुरी वेगळ्या जातीची असली तरी वारा खेळता ठेवणे हाच तिच्यावरचा पहिला उपाय आहे.

मराठी वाचकासाठी यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. बाउअरी आणि तिचे सोयरे ज्या चियापास व ओअहाका प्रांतांतले आहेत, ते विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारणपणे दक्षिण महाराष्ट्र आणि गोवा यांच्याच अक्षांशांवर येतात. तेथेही पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरदापर्यंत पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. या बेगोनियांपैकी पुष्कळ जाती दिवस लहान झाल्याच्या खुणेवर कळ्या धरतात आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून वसंतापर्यंत फुलतात. म्हणजे पावसाळ्यात पानांची वाढ, दिवाळीनंतर विश्रांती व कळ्यांची तयारी आणि होळीच्या आसपास बहर, हा क्रम त्यांच्या रक्तातच आहे. इंग्लंड-अमेरिकेतील पुस्तके तेथील कडाक्याचा हिवाळा आणि कृत्रिम उष्णता गृहीत धरून खतपाण्याचे जे वेळापत्रक देतात ते येथे जसेच्या तसे लावले तर एप्रिलमध्ये, जेव्हा विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा झाडाला वाढीचे खत दिले जाते आणि ते कोलमडते. म्हणून प्रस्तुत पुस्तकातील सर्व वेळापत्रके मृग ते वैशाख अशी ऋतुमानानुसार मांडलेली आहेत, आणि कोकण, घाटमाथा व देश यांच्यासाठी स्वतंत्र सूचना दिल्या आहेत.

महाराष्ट्राला बेगोनिया परकी नाही हेही येथे नोंदवले पाहिजे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर आणि शेवाळलेल्या बुंध्यांवर ‘बेगोनिया क्रेनाटा’ फिकट गुलाबी फुलांनी बहरते आणि पाऊस सरताच गड्ड्याच्या रूपाने झोपी जाते. ती ग्रंथिक्षोडी असल्यामुळे या पुस्तकाच्या कक्षेत येत नाही. परंतु पाणी वाहून जाणारी उभी जागा, सावली आणि खेळती हवा या तिच्या तीन गरजा जवळून पाहिलेल्या माणसाला कुंडीतील संकराची निगा वेगळी शिकवावी लागत नाही. ती पाहावी, तिचे छायाचित्र घ्यावे, पण कातळावरून उपटून घरी आणू नये. घरासाठी संकर पुरेसे आहेत.

विज्ञानाच्या दृष्टीनेही बेगोनियाचे पान आज नव्या कुतूहलाचा विषय झाले आहे. काही जातींच्या पानांवर सावलीत निळसर झाक दिसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने दाखवून दिले की पानाच्या अपित्वचेतील, म्हणजे सर्वांत वरच्या पेशीथरातील, विशेष हरितलवकांत अतिशय सूक्ष्म पापुद्रे समान अंतरावर रचलेले असतात; ते निळा प्रकाश परावर्तित करतात आणि जंगलाच्या तळाशी पोहोचणाऱ्या हिरव्या-तांबड्या उजेडाचा वापर अधिक चांगला करून घेतात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जिथे इतर फुलझाडे हार मानतात तिथे बेगोनिया का टिकते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे सापडतो.

शहरांतील घरे लहान झाली, गच्ची आणि अंगण यांची जागा खिडकीच्या कट्ट्याने घेतली, हे लघु-बेगोनियांचे आजचे महत्त्व सांगताना नेहमी पुढे केले जाणारे कारण आहे आणि ते खरेही आहे. पण त्याहून मोठे कारण असे की या झाडांच्या लहान आकारामुळे सामान्य माणसाला संग्रह, अभ्यास आणि नवनिर्मिती या तीनही गोष्टी एका फळीवर करता येतात. संकर करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नरफुलातील पिवळा पराग कोरड्या ब्रशवर घेऊन मादीफुलातील पीळदार किंजल्कांवर अलगद टेकवायचा, दोन्ही झाडांची नावे व तारीख लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधायची, बोंड तपकिरी होऊन सुकेपर्यंत काही आठवडे थांबायचे आणि ते बी मातीने न झाकता ओलसर कोकोपीटवर भुरभुरायचे, कारण या बीला उगवण्यासाठी उजेड लागतो. त्यातून उगवलेल्या रोपांपैकी प्रत्येक रोप दुसऱ्यापासून वेगळे असते, आणि त्यांतील कोणते ठेवायचे व कोणते सोडून द्यायचे हे ठरवणारी नजर कमावणे हीच संकरकाराची खरी साधना होय.

निवडलेला संकर वाढवायचा मार्ग मात्र बियांचा नाही, पानाचा आहे. सुदृढ पान देठासह तोडावे, देठ जिथे पात्याला मिळतो त्या बिंदूकडे टोक राहील अशा बेताने पात्याचा त्रिकोणी तुकडा कापावा, त्यात किमान एक ठळक शीर असावी, आणि त्याचे टोक ओलसर कोकोपीट व पर्लाइट यांच्या मिश्रणात खोचून वरून पारदर्शक झाकण ठेवावे. कापलेल्या शिरेवर आधी पांढरट गाठ धरते, मग मुळे येतात, आणि दोनेक महिन्यांत गाठीजवळून शिवणीच्या सुईएवढे पहिले पान वर येते. एका पानाचे असे चारपाच तुकडे होतात. या पद्धतीने झालेली सर्व रोपे मूळ झाडाची हुबेहूब प्रत असतात.

येथेच या विषयाचे सर्वांत नाजूक मर्म दडलेले आहे. रानातील जाती नष्ट होऊ नये म्हणून रान राखता येते. संकराला रान नसते. तो एका माणसाच्या हातून जन्मतो आणि पुढे केवळ माणसांच्या हातांवर जगतो. कोणी त्याचे पान लावायचे थांबले की काही वर्षांत तो कायमचा नाहीसा होतो, आणि त्याच्या आईबापांचा पुन्हा संकर केला तरी तोच नमुना परत मिळत नाही. फोर्ट वर्थ येथील वनस्पती उद्यानासारख्या संस्था बेगोनियांचे मोठे संग्रह सांभाळतात, पण हजारो संकरांचा भार कोणत्याही एका संस्थेला पेलणारा नाही. नावाची हेळसांड झाली तर झाड जिवंत राहूनही त्याचा इतिहास मरतो. वर उल्लेखिलेल्या ‘क्लिओपात्रा’चे नोंदीतील नाव मुळात ‘माफिल’ असावे असे जाणकार मानतात. इतक्या प्रसिद्ध झाडाची ही गत, तर रोपवाटिकेत ‘बेगोनिया, मिश्र’ अशा पाटीखाली विकल्या जाणाऱ्या अनामिक संकरांची काय कथा! अमेरिकन बेगोनिया सोसायटी संकरांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे काम पाहते, आणि मिल्ड्रेड व एडवर्ड थॉम्प्सन यांचा १९८१ सालचा तसेच मार्क टेबिट यांचा २००५ सालचा ग्रंथ हे नामनिश्चितीसाठी आजही आधारभूत मानले जातात.

प्रस्तुत पुस्तक त्या ग्रंथांची जागा घेऊ पाहत नाही. त्यात सर्व संकरांची यादी नाही, आणि केवळ छायाचित्रांवरून नावे ठरवण्याचा मोहही टाळला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील साध्या घरात, वातानुकूलनाशिवाय, सहज मिळणाऱ्या साहित्यावर जे संकर टिकतात त्यांना त्यात प्राधान्य दिले आहे. ज्यांना काचपेटी लागतेच त्यांचा विचार निराळ्या भागात केला आहे. आणि कूपनलिकेच्या जड पाण्याने मातीवर साठणारे पांढरे क्षार, पावसाळ्यातील खोडकूज, पिठ्या ढेकणाचा उपद्रव अशा स्थानिक अडचणींना विदेशी पुस्तकांत जेवढी जागा मिळते त्याहून अधिक जागा दिली आहे. संकराची तंत्रे आणि नोंदी ठेवण्याची शिस्त यांचा विचार शेवटी येतो, परंतु तो परिशिष्ट म्हणून नव्हे तर आधीच्या सर्व विवेचनाचे प्रयोजन म्हणून वाचला जावा अशी अपेक्षा आहे.

वाचकाला एवढीच विनंती आहे की त्याने आरंभ एका दणकट मेक्सिकन संकरापासून करावा, त्याचे नाव, आईबाप माहीत असल्यास त्यांची नावे आणि झाड कोणाकडून आले ते पेन्सिलीने पट्टीवर लिहून कुंडीत खोचावे, कारण शाई पाण्याने उडते आणि पेन्सिलीचे अक्षर टिकते. आणि झाड हाताशी लागले की वर्षभरात त्याची किमान दोन रोपे, त्याच नावाच्या पट्टीसह, दोन वेगळ्या घरी द्यावीत.